कुंपण्या आणि आक्कांच्या मिरच्या

कुंपण्या मी पहिल्यांदा काढला तेव्हा तो पाठमोरा होता. उंच माणूस, पांढरे कपडे, खांद्यावर काटेरी तारेचं भेंडोळं आणि काखेत लोखंडी अँगल. त्याचा चेहरा काढायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. तो बोलणार नव्हता, आणि कुंपण घालताना कुणाला दिसणारही नव्हता. लोक सकाळी उठायचे तर काल मोकळी असलेली जागा तारेच्या आत गेलेली असायची, एवढंच.

शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात मुलांच्या एका मासिकासाठी चित्रकथा करायच्या, असं माझं बरीच वर्षं चाललं आहे. मासिक कोल्हापुरातच निघतं. संपादक म्हणजे एका छापखान्याचे मालक. दिवसभर लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायची आणि संध्याकाळी मुलांसाठी काहीतरी करायचं, असा त्यांचा नेम आहे, आणि त्याबद्दल कुणी कौतुक केलं की ते लाजतात. माणूस भला आहे. फक्त एखादी गोष्ट चालली की तिचे पाय मोडेपर्यंत तिला चालवतात.

कुंपणच शेत खातंय, ही म्हण मी आयुष्यभर ऐकत आले. शाळेत निबंधात वापरली, मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतला. पण कुंपण शेत खातं म्हणजे नेमकं काय दिसतं, हे चित्रात काढायला बसले तेव्हा पहिल्यांदा विचार केला. तोंड नाही, दात नाहीत. आवाजही नाही. त्यातून हा माणूस निघाला.

पहिली कथा चार पानांची होती. मुलांचं एक मैदान असतं. एका सकाळी त्याला कुंपण पडतं. पहिल्या दिवशी सगळे आरडाओरडा करतात, दुसऱ्या दिवशी मोठी माणसं बघू म्हणतात, तिसऱ्या दिवशी गटाराच्या कडेनं वळसा घालून जाणारी एक पायवाट तयार होते. शेवटच्या चित्रात मुलं त्या पायवाटेनं शाळेला निघालेली असतात. सगळ्यात लहान मुलगी विचारते, आपण इकडून का जातो? तिची बहीण सांगते, आपण आधीपासून इकडूनच जातो की. लांब कोपऱ्यात कुंपण्या चाललेला, पाठमोरा, खांद्यावर नवं भेंडोळं.

त्या अंकानंतर संपादकांना पालकांचे फोन आले. एक बाई म्हणाल्या, पोरगी रोज उठली की खिडकीतून समोरची बाग आहे का बघते आणि मगच दात घासते. काही जण चिडले होते, मुलांना असलं काही देऊ नका म्हणाले. मला बरं वाटलं. मुलांना घाबरवायची मला हौस नाही, पण ही भीती योग्य ठिकाणी जाऊन बसली होती. कुंपण्या म्हणजे काय हे कुठल्याही पोराला समजावून सांगावं लागलं नव्हतं.

मैदान मी मनानं काढलं नव्हतं. आमच्या कॉलनीतली मोकळी जागा समोर होती. आम्ही कसबा बावड्याला राहतो. एका बाजूला अजून ऊस आहे, दुसऱ्या बाजूला आम्ही. गळीत हंगामात कारखान्याचा वास येतो, तो नवीन भाडेकरूंना येतो, आम्हाला येत नाही. प्लॉट पाडले तेव्हा मधोमध सगळ्यांसाठी म्हणून एक तुकडा सोडला होता. त्याला सगळे ओपन स्पेस म्हणतात. तिथं पोरं क्रिकेट खेळायची, लग्नाच्या पंगती उठायच्या, आणि होळी झाली की वळीव येईपर्यंत ती जागा आक्कांची असायची.

आक्का चटणी करून विकतात. कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षभराचं कांदा-लसणाचं तिखट, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. त्यांचं माहेर निपाणीच्या पलीकडं, रागावल्या की कानडीत पुटपुटतात. नवरा गेल्यावर दोन मुलींची लग्नं त्यांनी या चटणीवर केली. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची पोती टेम्पोतून उतरली की जुन्या साड्या जमिनीवर अंथरायच्या, त्यावर मिरच्या पसरायच्या, उन्हात खडखडीत वाळल्या की देठं काढायची आणि डंकावर कुटून आणायच्या. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या बाईला एवढ्या मिरच्या पसरायला दुसरी जागा नाही. घरमालकाच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि सोलर. त्या दिवसांत ओपन स्पेसवरून जाणाऱ्या प्रत्येकाला शिंक यायची आणि आक्का लांबूनच म्हणायच्या, शिंका, शिंका, डोस्कं मोकळं हुतंय. आमच्या घरची चटणीही त्यांच्याकडूनच येते.

आता कुंपण्याचं पुढं काय झालं ते सांगते.

संपादकांचा फोन आला की पुढच्या अंकात त्याला परत येऊ द्या. मी म्हटलं, त्याचं काम झालं. ते म्हणाले, अहो पोरं विचारतात. पोरं विचारतात हे दोन शब्द ऐकले की मी दर वेळी पेन्सिल उचलते. दुसऱ्या कथेत त्यानं नदीचा घाट कुंपणात घातला. तीही कथा वाईट नव्हती. तिसऱ्यात आमराई. मग सुट्टीचा अंक आला, त्यात त्यानं मे महिन्यालाच तार लावली. इथं पहिल्यांदा मला चित्र काढताना कंटाळा आला. महिन्याला कुंपण कसं घालणार? पण कॅलेंडर काढलं, त्याच्या चार बाजूंना खांब काढले, आणि पोरांना ते फार आवडलं.

मग त्यानं चंद्राला कुंपण घातलं. परीक्षेच्या अंकात गणिताच्या पेपराला. दिवाळी अंकात फराळाच्या डब्यांना. प्रत्येक वेळी गोष्टीच्या शेवटी कुंपण तुटायला लागलं, कारण दिवाळीत कुणाचे लाडू अडकून कसे राहतील? एकदा कुंपण तुटतं हे कळल्यावर त्याची भीती कुणाला वाटणार होती. शेतातल्या बुजगावण्याचा सदरा शेतकरी मधूनमधून बदलतो, जागा बदलतो. तेच बुजगावणं त्याच जागी उभं राहिलं की कावळे त्याच्या डोक्यावर बसून खातात. आमच्या बुजगावण्यावर तर पोरं चढून बसली.

संपादकांनी मग स्पर्धा लावली. कुंपण्याचा चेहरा काढून पाठवा, उत्कृष्ट चित्राला रंगपेटी. मी विरोध केला, पण तो मासिकाला साजेलसा म्हणजे बेतानं केला. चित्रांचा गठ्ठा घरी आला तेव्हा मात्र मी ती एकेक करून पाहत बसले. मुलांनी भरघोस मिशा काढल्या होत्या, पुढं आलेले दात, डोळ्यावर पट्टी, कुणी गालावर तीळ. वाईट माणूस कसा दिसतो याची पोरांची यादी ठरलेली असते. एका मुलीनं मात्र कोरा चेहरा काढून पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, माहीत नाही. तिला बक्षीस मिळालं नाही. मिशीवाल्याला मिळालं, आणि पुढच्या अंकापासून कुंपण्याला मिशी आली.

चेहरा आला तसा तो बोलायला लागला. बोलायला लागला तसा विनोद करायला लागला. त्याला एक लंगडं कुत्रं मिळालं, तारेत शेपूट अडकवून घेणारं. मग त्याला आई मिळाली, ती त्याला संध्याकाळी जेवायला हाका मारायची. लहानपणी त्याचा चेंडू कुणी परत दिला नव्हता म्हणून तो असा झाला, अशीही एक कथा मी केली. ती करताना मला बऱ्यापैकी लाज वाटली. डासांवरच्या विशेषांकात तर त्यानं साचलेल्या डबक्याला कुंपण घालून गाव वाचवलं. म्हणजे आता तो चांगला माणूसच झाला होता, फक्त त्याचा धंदा जुना राहिला होता.

गाव त्याला ओळखायला लागलं. बावड्यातल्या एका बेकरीत कुंपण्याचा केक मिळायला लागला, क्रीमची मिशी आणि चॉकलेटची तार. एका रिक्षाच्या मागं तो दिसला, खाली लिहिलं होतं, नाद करायचा न्हाय. शाळेत मी वर्गात शिरले की पोरं कुंपण्या, कुंपण्या करायची. मला त्यात आनंद नव्हता असं नाही. आपण केलेली गोष्ट रिक्षाच्या मागं जाते तेव्हा माणूस घरी येऊन दोनदा तरी सांगतोच.

दोन वर्षांमागं गणपतीत आमच्या तरुण मंडळाची मुलं घरी आली. सजीव देखावा करायचा होता, विषय कुंपण्या. म्हणजे माणसंच सोंग घेऊन नाटुकलं करणार, दर तासाला एक खेळ. कुंपण्या बाप्पाच्या मोदकांना कुंपण घालतो, उंदीर तार कुरतडतो आणि शेवटी सगळे मिळून नाचतात. मी त्यांना चहा दिला आणि करा म्हटलं. स्टेज ओपन स्पेसमध्येच. खर्चाचं विचारलं तर पोरं म्हणाली, दादा बघतायत.

दादा आमच्या भागातले पुढारी. बांधकामाचा व्यवसाय, वाढदिवसाचे फ्लेक्स, प्रत्येक फ्लेक्सवर 'भावी' हा शब्द. त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. त्यांच्या बरोबरीचे आणि त्यांच्याहून मोठेही दादाच म्हणतात. मी त्यांच्या मुलीला चित्रकला शिकवली आहे. समोर आले की ते वाकून नमस्कार करतात.

देखाव्यासाठी दादांनी थर्माकोलचे खांब आणू दिले नाहीत. खोटं कशाला, म्हणून स्वतःच्या साइटवरून सिमेंटचे पोल आणि नवी काटेरी तार पाठवली. त्यांच्या माणसांनी खड्डे काढून पोल काँक्रीटमध्ये बसवले. स्टेजच्या मागं आणि दोन्ही बाजूंना, जागेच्या कडेकडेनं, असं तीन बाजूंनी कुंपण उभं राहिलं. सगळे म्हणाले, काय खरं दिसतंय. उद्घाटनाला दादा पांढऱ्या कपड्यांत आले आणि पोरांच्या आग्रहाखातर त्यांनी तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन फोटो काढला. गर्दीतून शिट्ट्या आल्या. माझाही त्यांच्या शेजारी उभा राहून एक फोटो आहे. आक्का पुढच्या रांगेत बसून हसत होत्या.

विसर्जन झालं. मांडववाल्यानं आपले बांबू, कापडं, खुर्च्या नेल्या. पोल काही त्याचे नव्हते, त्यानं ते तसेच ठेवले. मंडळाची पोरं म्हणाली, दादांचे आहेत, दादा नेतील. दादांना कुणी विचारलं नाही. पोरं तिथं उभं राहून सेल्फी काढत होती, मागं कुंपण्याचं कुंपण. दिवाळीच्या सुमारास चौथी बाजू बंद झाली. ती कुणी केली ते मी पाहिलं नाही. नंतर लोखंडी फाटक आलं, आत वाळू आली, टाइल्सची खोकी आली, सळ्या आल्या. फाटकावर एक बोर्ड लागला: इथं कचरा टाकू नये, कुंपण्याची नजर आहे. शेजारी माझं चित्र, मिशीसकट, आणि खाली दादांचा फोटो. लोकांना बोर्ड आवडला. कचरा खरोखरच कमी झाला.

बसस्टॉपला जायला आम्ही पूर्वी ओपन स्पेसमधून आडवे जायचो. आता गटाराच्या कडेनं वळसा घालून जायला लागलो. दोन-चार महिने मी त्या वाटेनं शाळेला गेले आणि मला काही आठवलं नाही. चार पानांची ती गोष्ट मी स्वतः काढली होती.

होळीनंतर आक्कांचा टेम्पो आला. मिरच्यांची पोती आमच्या गेटशी उतरली कारण पुढं जायला जागा नव्हती. आक्का दिवाळीपासून विचारत होत्या, हे मला तेव्हा कळलं. मंडळाच्या पोरांना विचारलं तर ती म्हणाली, आक्का, ते कुंपण्याचं हाय, त्येलाच इचारा. आणि हसली. कॉलनीच्या अध्यक्षांना विचारलं, तेही हसले. शेवटी त्या दादांच्या ऑफिसात गेल्या. दादांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि हात वर केले. मी कुठं घातलंय आक्का, कुंपण्यानं घातलंय की. तिथं बसलेली सगळी माणसं हसली. आक्का मला सांगत होत्या, मी बी हसले बाई, काय करणार, समदी हसत हुती.

त्यांना भांडायलाही कुणी मिळत नव्हतं. भांडण काढावं तर समोरून विनोद यायचा. गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले होते, पाडव्याच्या आत कुणाला चटणी हवी होती, कुणाची मुलगी पुण्याला जाणार होती. मिरच्या पोत्यात फार दिवस राहिल्या की दमट होतात, बुरशी धरते. वळीव कधी येईल याचा भरवसा नाही. त्या वर्षीचं सगळं जगणं त्या पोत्यांत होतं. त्यांनी माझ्या व्हरांड्यात पसरून बघितल्या, पण तिथं दुपारचं ऊनच पोचत नाही.

एका संध्याकाळी त्या येऊन पायरीवर बसल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमचा माणूस हाय न्हवं त्यो? मग तुमीच काढा की त्येला हितनं."

मला राग आला. तो आक्कांचा नव्हता, दादांचाही तितका नव्हता, त्या मिशीचा होता. मी म्हटलं, काढते. संपादकांना सांगितलं की या वेळी कथा मी म्हणेन तशीच जाईल. परत पाठमोरा माणूस काढला. मिशी नाही, कुत्रं नाही, बोलणं नाही. मिरच्या वाळवणारी एक बाई काढली, सणाचा देखावा काढला, देखावा उठल्यावर मागं राहिलेलं कुंपण काढलं. लोक हसतात आणि बाई पोत्यावर बसून राहते, तिथं कथा संपवली. मी केलेल्या कामात ते सगळ्यात चांगलं होतं, असं मला आजही वाटतं.

अंक निघाला. पोरांनी विचारलं, कुत्रं कुठं गेलं? एका वडिलांनी फोन करून सांगितलं की मुलगा हसून हसून लोळला, विशेषतः कुंपण्या सगळ्यांकडं पाठ करून उभा राहतो तिथं. त्यांच्या मते तो रुसला होता. संपादक चाचरत म्हणाले, या वेळी जरा सुकं झालं. दादांनी माणसाहाती पुष्पगुच्छ पाठवला आणि आमच्या कॉलनीवर कथा केल्याबद्दल आभार मानले. फाटकावरच्या बोर्डाशेजारी त्या अंकाचं मुखपृष्ठ मोठं करून लावलं. हे सगळं दादांनी लबाडीनं केलं, असं मला वाटत नाही. मला वाटतं त्यांना खरंच गंमत वाटली. चित्रात ते स्वतः आहेत हे त्यांच्या लक्षात येण्याची सोय मीच उरू दिली नव्हती.

आक्कांनी अंक पाहिला. त्यांना वाचता येतं, पण त्या नुसती चित्रं बघत गेल्या. बाईच्या साडीचा रंग चुकलाय म्हणाल्या. मग अंक मिटून ठेवला आणि विचारलं, यात दादांचं नाव कुठं आहे? मी सांगितलं की नाव घालायचं नसतं, वाचणाऱ्याला ते कळतं. आक्कांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली की नाही, ते मी विचारलं नाही.

हनुमान जयंतीच्या महाप्रसादाची बैठक आमच्या मारुतीच्या देवळात रविवारी सकाळी असते. आचारी कुठला, आमटी किती, गव्हाची खीर की शिरा, यावर दरवर्षी तेच बोलणं होतं. दादा आले होते, कारण आचाऱ्याचं ते देणार होते. बायका खांबापलीकडं बसतात आणि शक्यतो बोलत नाहीत. पंगत कुठं बसवायची हा विषय निघाला. पूर्वी ती ओपन स्पेसमध्ये बसायची. कुणीतरी म्हणालं, आता कुंपण्याची परवानगी काढावी लागेल. ठरल्याप्रमाणे सगळे हसले.

हसू संपायच्या आत आक्का उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि त्यांनी नाव घेतलं. दादांचं नाव, मग त्यांच्या वडिलांचं नाव, मग आडनाव. मतदार यादीत असतं तसं, पूर्ण. पुढं ना दादा, ना साहेब. मी इतकी वर्षं त्यांच्या मुलीच्या वहीवर ते आडनाव वाचलं होतं, पण त्या माणसाचं नाव मोठ्यानं घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"ह्यांनी घातलंय ते कुंपण," आक्का म्हणाल्या. "गणपतीत पोल ह्यांनी आणले, दिवाळीत पुढली बाजू ह्यांनीच बंद केली. फाटकाची किल्ली ह्यांच्या गाडीत हाय. कुंपण्या बाईंच्या कागदावर असतोय. त्येच्याशी माजं भांडण न्हाय."

आणि खाली बसल्या. दादा हसले आणि त्यांनी इकडंतिकडं बघितलं. आपण हसलो की चार जण हसतात, याची सवय झालेला माणूस होता. कॉलनीचे अध्यक्ष हातातली यादी बघत बसले. मंडळाच्या पोरांनी माना खाली घातल्या, त्यातला एक जण तर देखाव्यात कुंपण्या झाला होता. कुणीच हसलं नाही. दादांचा चेहरा मला तेव्हा नीट दिसला. ना मिशी, ना पट्टी. घाम पुसणारा एक साधा माणूस होता तो. तो म्हणाला, "काढतो की आक्का. सांगायचं हुतंसा आधी."

आधी सांगितलं होतं, असं कुणी म्हणालं नाही.

फाटक दोन दिवसांनी निघालं. सगळी तारही गेली. वाळू आणि टाइल्स एका कोपऱ्यात सरकल्या, त्या अजून तिथंच आहेत, आणि तीन बाजूंचे पोलही आहेत. पंगत तिथंच झाली. त्यानंतर आक्कांनी साड्या अंथरल्या. काही मिरच्यांना बुरशी धरली होती, त्या त्यांनी वेगळ्या काढून टाकल्या, काही गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली होती. पण वळवाच्या आत डंक झाला. कॉलनीतल्या लोकांना पुन्हा शिंका यायला लागल्या आणि आडवी वाट परत सुरू झाली. मी मात्र अजून एखादे दिवशी सवयीनं गटाराकडनं वळते आणि अर्ध्यात आल्यावर लक्षात येतं.

कुंपण्या मी थांबवला आहे. संपादक नाराज आहेत, त्यांना आता नवा खलनायक हवा आहे. मी कच्ची चित्रं करून बघते. चांगला जमला की भीती वाटते, कारण चांगला जमलेला दर महिन्याला यावा लागतो. सध्या मी पक्ष्यांवर एक माहितीपर सदर देते आहे.

हे लिहितेय ते आक्कांना शेजारच्या मुलीकडून कळलं. परवा चटणीचा डबा द्यायला आल्या, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, माज्यावर लिवताय म्हणं. मी म्हटलं, तुमच्यावर, कुंपण्यावर, त्या जागेवर. वाचून दाखवू का विचारलं. नको म्हणाल्या, मिरच्या पालथ्या घालायच्या राहिल्यात. जाता जाता पायरीवर थांबल्या.

"नाव घातलंय काय त्येचं?"

मी नाही म्हटलं. आपल्या लिखाणात नावं नसतात, तशी पद्धत आहे, वाचणाऱ्याला कळतं, असं सगळं परत सांगितलं.

आक्कांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या, आणि ओपन स्पेसकडं गेल्या. मी डबा आत नेऊन ठेवला.